‘मी आलो’ की ‘मी आले’: ट्रान्स मुलाच्या आई-बाबांनी सुरुवात कुठून करायची

मूल ट्रान्स आहे, म्हणजे जन्माच्या वेळी नोंदलेलं लिंग आणि त्याची आतली ओळख जुळत नाही, ही गोष्ट मराठी घरात पुष्कळदा क्रियापदातून कळते. शाळेतून आलेला सात वर्षांचा मुलगा दप्तर टाकता टाकता म्हणतो, ‘आई, मी आले गं.’ आई हसते आणि सांगते, ‘आले नाही, आलो म्हण.’ दुसऱ्या दिवशी पुन्हा ‘मी आले’. महिन्याभरात आईचं हसणं संपतं आणि दुरुस्तीला धार येते. मग मूल एक युक्ती शिकतं. आलो-आलेचा प्रश्नच येणार नाही अशी वाक्यं ते बोलू लागतं. ‘भूक लागलीय.’ ‘मला नको.’ ‘झोप येतेय.’ घरच्यांना वाटतं, पोर अबोल झालं. खरं तर ते शब्द चुकवत असतं.

पण नुसत्या क्रियापदावरून निष्कर्ष काढू नका. कोल्हापूरकडे मुली सर्रास ‘मी येतो, मी जातो’ म्हणतात, आणि कितीतरी घरांत लेकीला लाडाने ‘अरे, आलास का’ असंच हाक मारतात. भातुकली खेळणारे मुलगे आणि झाडावर चढणाऱ्या मुली बहुतेक वेळा ट्रान्स नसतात. आवड वेगळी असणं आणि ओळख वेगळी असणं या दोन गोष्टी आहेत. ट्रान्स मूल ‘मला बांगड्या आवडतात’ एवढ्यावर थांबत नाही. ‘मी मुलगी आहे’ असं ते सांगतं, किंवा ‘मी मुलगा आहे’ असं. ते हे सातत्याने सांगतं आणि उलट वागवलं की कोमेजतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या आजार-वर्गीकरणाच्या अकराव्या आवृत्तीत वयात येण्याआधीच्या मुलांसाठी साधारण दोन वर्षांचं सातत्य हा निकष आहे, आणि केवळ खेळण्या-कपड्यांच्या आवडीवरून निदान करू नये असंही तिथे स्पष्ट लिहिलं आहे. सगळीच मुलं लहानपणी बोलतात असंही नाही. अनेकांना शरीर बदलायला लागल्यावर, अकरा ते पंधरा या वयात, पहिल्यांदा शब्द सापडतात. ‘आधी कधी बोलला नाहीस, मग आत्ताच कसं सुचलं?’ हा प्रश्न त्यामुळे निरर्थक आहे.

शब्दांचा गोंधळ आधी दूर करू. जन्माच्या वेळी शरीर बघून दाखल्यावर लिहिलं जातं ते लिंग. आतून स्वतःला मुलगा, मुलगी किंवा दोन्ही नाही असं जाणवतं तो लिंगभाव. या दोन्हींचा मेळ बसत नाही तेव्हा ती व्यक्ती ट्रान्सजेंडर, मराठीत पारलिंगी. कुणाकडे आकर्षण वाटतं हा लैंगिक कल. तो वेगळा विषय आहे आणि आठ वर्षांच्या मुलाशी बोलताना तो मध्ये आणायचं कारण नाही. जन्मतःच शरीराची रचना किंवा गुणसूत्रं ठरावीक साच्यात नसतील तर ते इंटरसेक्स, म्हणजे आणखी वेगळी गोष्ट.

आणि हिजडा ही गुरू-चेला परंपरा असलेली समाजव्यवस्था आहे. ‘आता हे लोक याला घेऊन जातील’ ही भीती जवळजवळ प्रत्येक आई-बाबांच्या मनात येते, म्हणून सरळ सांगतो: ट्रान्स असणं म्हणजे त्या समाजात जाणं नव्हे. अनेकजण तिथे गेले ते घराचं दार बंद झाल्यामुळे, आणि तिथे त्यांना भाकरी आणि छप्पर मिळालं. दार उघडं ठेवणं तुमच्या हातात आहे.

‘आमचं काय चुकलं?’ याचं उत्तर: काही नाही. दोन मुलींवर मुलगा हवा होता म्हणून, आईने लाड केले म्हणून, बाबा नोकरीसाठी बाहेरगावी होते म्हणून मूल ट्रान्स होतं याला पुरावा नाही. हा मानसिक आजारही नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये मान्य केलेल्या आणि २०२२ पासून लागू झालेल्या वर्गीकरणात हा विषय मानसिक आजारांच्या प्रकरणातून काढून लैंगिक आरोग्याच्या प्रकरणात ठेवला आहे. वैद्यकीय मदत लागू शकते म्हणून तो यादीत ठेवला, इतकंच.

‘मोठं झाल्यावर बदलेल का?’ याचं उत्तर प्रामाणिकपणे द्यायचं तर दोन्ही बाजू सांगायला हव्यात. जुन्या दवाखानी अभ्यासांत बरीच मुलं पुढे ट्रान्स राहिली नाहीत असं दिसलं होतं, पण त्या अभ्यासांत नुसत्या वेगळ्या आवडीनिवडी असलेली मुलंही मोजली गेली होती. अमेरिकेत २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात ३१७ मुलं होती. नाव, कपडे, सर्वनाम बदलून जगू लागलेली. सरासरी पाच वर्षांनी त्यांतली ९४ टक्के स्वतःला ट्रान्सच म्हणत होती. म्हणजे अशा मुलांपैकी बहुतेक बदलत नाहीत, थोडी बदलतात. यातून आई-बाबांच्या कामाचं एवढंच निघतं: लहान वयात जे करायचं आहे ते सगळं मागे घेता येण्यासारखं आहे. केस वाढतात, कापताही येतात. नाव परत बदलता येतं. मूल चुकलं असेल तर नुकसान काहीच नाही. बरोबर असेल तर ती वर्षं वाया गेली नाहीत.

पहिली रात्र

मुलाने सांगितलं त्या रात्री आई-बाबांच्या डोक्यात ऑपरेशन, लग्न, नातेवाईक, म्हातारपण असं सगळं एकदम फिरतं. मुलाला त्या रात्री यातलं काहीच नको असतं. त्याला बघायचं असतं की हे सांगूनही उद्या सकाळी डबा मिळतो की नाही. बहुतेक घरं इथेच अडखळतात: दहा वर्षांनंतरचे प्रश्न आज सोडवायला बसतात आणि आजचा प्रश्न राहून जातो.

म्हणायचं ते थोडं. ‘सांगितलंस ते बरं केलंस. मला सगळं कळलेलं नाही, मी शिकेन. तू आमचंच आहेस.’ मग तीन गोष्टी विचारा: घरात तुला काय म्हणू? कुणासमोर म्हणायचं आणि कुणासमोर नाही? शाळेत, क्लासला किंवा गल्लीत कुणी त्रास देतं का? तिसरा प्रश्न विसरू नका. मुलं बऱ्याचदा त्रास असह्य झाल्यावरच तोंड उघडतात.

त्या रात्री मामाला, आत्याला, भावकीच्या ग्रुपवर कळवू नका. धीर मिळावा म्हणून आई बहिणीला फोन करते, आणि आठवड्यात मुलाला चुलतभावाकडून टोमणा ऐकू येतो. त्यानंतर ते मूल आईला काही सांगत नाही. कुणाला, कधी, कुणी सांगायचं हे मुलानेच ठरवायचं. तुम्हाला बोलायला कुणी हवं असेल तर असेच पालक शोधा. मुंबईत २०१७ मध्ये अशा आई-बाबांनीच ‘स्वीकार’ हा गट सुरू केला, आणि तिथे नव्या पालकांशी बोलणारे पालक असतात.

मराठीची अडचण आणि मराठीचीच सोय

इंग्रजीत फक्त ‘तो’ की ‘ती’ सांभाळलं की भागतं. मराठीत क्रियापद, विशेषण, ‘माझा-माझी’ सगळं बदलतं, शिवाय बोलणाऱ्याचं स्वतःचंही. म्हणून मराठी आई-बाबांकडून चुका जास्त होतात, आणि त्यात दुष्टावा नसतो. दहा-बारा वर्षांची जिभेची सवय मोडायला साधारण काही महिने लागतात.

मधल्या काळात भाषेतच वाटा आहेत. भविष्यकाळात लिंग दिसत नाही: ‘तू कधी येशील?’ वर्तमानकाळातल्या नकारातही नाही: ‘तू जेवत नाहीस.’ सकर्मक भूतकाळात क्रियापद कर्माप्रमाणे चालतं, म्हणून ‘अभ्यास केलास का?’, ‘पोळी खाल्लीस का?’ हे मुलालाही चालतं आणि मुलीलाही. ‘उशिरा आलास’ऐवजी ‘तुला उशीर झाला’. ‘दमलास?’ऐवजी ‘दमायला झालं का?’ ‘ये’, ‘बस’, ‘चल’ ही आज्ञार्थी रूपं सगळ्यांना सारखीच. आजीच्या जिभेला वळण लागत नसेल तर ‘बाळा’, ‘पिल्लू’, ‘सोनू’ आहेतच. पण ही पळवाट कायमची करू नका. मुलाने ‘मला आलीस म्हण’ असं सांगितलं असेल आणि वर्षभर तुम्ही ‘तुला उशीर झाला’वरच अडून असाल, तर टाळाटाळ त्याला कळते. शब्द चुकवण्याची विद्या ते तुमच्या आधी शिकलंय.

काही मुलांना आलो नको आणि आलेही नको असतं. लहान मुलासाठी ‘ते आलं’ हे नपुंसकलिंगी रूप मराठीत प्रेमाचं आहे. मोठ्यांना ते चालेल की नाही ते त्यांनाच विचारा.

चूक झाली तर एकदाच सुधारा आणि पुढे जा. ‘आलास... आलीस का? डबा धुवायला टाक.’ एवढं पुरतं. ‘अगं सॉरी, मला जमतच नाही, मी वाईट आई आहे’ असं सुरू झालं की मुलाला उलट तुमची समजूत काढावी लागते. सराव मूल समोर नसताना करा. नवरा-बायकोने रात्री एकमेकांशी मुलाबद्दल बोलताना नवं नाव आणि नवं क्रियापद वापरलं की पंधरा दिवसांत फरक पडतो. मोबाइलमध्ये नंबर नव्या नावाने साठवा, म्हणजे फोन वाजला की डोळ्यांना तेच दिसेल. फक्त तो मोबाइल आणखी कोण बघतं ते आधी लक्षात घ्या.

नावाचं महत्त्व अनेकांना अतिशयोक्त वाटतं. अमेरिकेत १२९ ट्रान्स तरुणांवर झालेला एक अभ्यास २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. घर, शाळा, कामाची जागा आणि मित्र अशा चार ठिकाणांपैकी जितक्या ठिकाणी त्यांनी निवडलेलं नाव वापरलं जात होतं तितकं नैराश्य कमी दिसलं. नाव वापरलं जाणारं एक ठिकाण वाढलं की आत्महत्येचे विचार २९ टक्क्यांनी आणि तशी कृती ५६ टक्क्यांनी कमी आढळली. या चारांपैकी घर हे एकच ठिकाण पूर्णपणे तुमचं आहे, आणि त्याला खर्च शून्य आहे.

घरातले सण, घरातली रीत

ओळखीची सगळ्यात मोठी परीक्षा शाळेपेक्षा सणाला होते. भाऊबीजेला मुलीला ओवाळायला सांगतात, मुलाला पाटावर बसवतात. मुलगा म्हणून जगणाऱ्या तुमच्या मुलाला पाटावर बसायचं असतं. बहिणीने त्याला ओवाळलं आणि त्याने ओवाळणी घातली, तर त्याच्या दृष्टीने ते कुठल्याही प्रमाणपत्रापेक्षा मोठं आहे. घरच्या चौघांत हे आधी करा. मामाच्या घरी पुढच्या वर्षी. हळदीकुंकवाला मुलगी म्हणून मिरवणं, मुंजीचा आग्रह, काष्टा की सोवळं, कान टोचणं, या प्रत्येक वेळी विचारायचं आणि नको म्हटलं तर लोकांसमोर सांगायची जबाबदारी स्वतःकडे घ्यायची. ‘तिला बरं नाही’ असं खोटं सांगण्यापेक्षा ‘आमच्यात आता हे करत नाही’ हे छोटं आणि खरं वाक्य जास्त टिकतं.

मासिक पाळीबद्दल थोडं थांबून बोलावं लागेल. स्वतःला मुलगा मानणाऱ्याला पाळी येते तेव्हा आधीच शरीराने दगा दिल्यासारखं वाटतं. त्यात घरात बाजूला बसणं, ‘शिवू नको’, आणि ‘आता मोठी झालीस’ म्हणून बायकांना बोलावून केलेलं कौतुक. हे सगळं बंद करा. पॅड गुपचूप त्याच्या कपाटात ठेवा. मुलांच्या स्वच्छतागृहात कचऱ्याचा डबा नसतो हे लक्षात ठेवून दप्तरात कागदी पिशवी द्या. पाळीची चड्डी मिळते, ती शाळेच्या दिवसाला बरी पडते. त्रास फारच होत असेल तर पाळी थांबवण्याचे औषधी उपाय आहेत, पण ते स्त्रीरोगतज्ज्ञाकडूनच. देवाच्या कार्यासाठी दुकानातून आणून देतात त्या गोळ्या महिनोन्महिने देऊ नका.

छाती झाकण्यासाठी मुलं काय करतात तेही माहीत असू द्या, कारण ती ते लपूनच करतात. क्रेप बँडेज किंवा चिकटपट्टी गुंडाळणं सगळ्यात वाईट: बँडेज घट्ट होत जातं, छाती फुलायला जागा राहत नाही, बरगडी दुखावते, चिकटपट्टीने कातडी निघते. त्यापेक्षा बाइंडर नावाचं खास शिवलेलं बनियन बरं, तेही छातीचं माप टेपने घेऊन त्याच मापाचं. ‘एक नंबर लहान घेतला तर जास्त सपाट दिसेल’ ही चूक असते. दिवसाला आठ तासांच्या वर नाही, झोपताना नाही, धावताना-खेळताना नाही, आणि आठवड्यात एक-दोन दिवस अजिबात नाही. आपल्याकडे एप्रिल-मेच्या उकाड्यात घामाने खाज आणि नायटा होतो, म्हणून आत सुती बनियन हवं आणि बाइंडर रोज धुवायला हवं. धाप लागली, बरगडीत कळ आली, हाताला मुंग्या आल्या तर लगेच काढायचं. लहान छातीला घट्ट स्पोर्ट्स ब्रा आणि वर सैल शर्ट एवढ्याने भागतं.

शाळा

आधी वर्गशिक्षकांना नको, मुख्याध्यापकांना भेटा, आणि भेटायला जाताना काय हवं ते एका कागदावर लिहून न्या. ‘समजून घ्या’ असं म्हटलं की शाळेला काय करायचं ते कळत नाही. हजेरीत हाक कुठल्या नावाने मारायची, गणवेश कुठला, स्वच्छतागृह कुठलं, पीटीच्या तासाला कपडे कुठे बदलायचे, सहलीला मुक्काम कुठल्या खोलीत, आणि चिडवलं तर मुलाने कुणाकडे जायचं, हे सगळं ठरवून घ्या.

यातलं स्वच्छतागृह सगळ्यात तातडीचं. ट्रान्स मुलं शाळेत पाणी पीत नाहीत. सकाळी सात ते दुपारी दोन लघवी दाबून ठेवतात, मग वारंवार जळजळ, ताप, पोटदुखी. मूल घरी आल्या आल्या चपला न काढता संडासाकडे पळत असेल तर हेच कारण तपासा. शिक्षकांचं किंवा अपंगांसाठीचं स्वतंत्र स्वच्छतागृह वापरायची परवानगी हा जवळपास प्रत्येक शाळेत जमणारा मार्ग आहे. किल्ली मात्र शिपायाकडे मागावी लागेल अशी व्यवस्था नको. दर वेळी मागण्यात सगळ्यांना कळतं आणि मूल जायचं बंद करतं.

२०१९ च्या ट्रान्सजेंडर व्यक्ती (हक्कांचे संरक्षण) कायद्यात सरकारी, अनुदानित आणि मान्यताप्राप्त शिक्षणसंस्थांनी भेदभाव न करता शिकवावं असं बंधन आहे. हे कलम खिशात ठेवा, पहिल्या भेटीत टेबलावर आपटू नका. बहुतेक मुख्याध्यापकांना भीती असते ती इतर पालकांची. ‘तुम्हाला कुणी विचारलं तर आमच्याकडे पाठवा’ असं म्हटलं की अर्धं काम होतं.

कागद

कागदांचा क्रम चुकला की वर्षं जातात. मूल शाळेच्या पटावर आहे तोवर जनरल रजिस्टरमधल्या नावात बदल करण्यासाठी मुख्याध्यापकांमार्फत शिक्षण विभागाकडे जाता येतं. शाळा सोडल्याचा दाखला हातात आला आणि दहावीचं प्रमाणपत्र छापलं गेलं की तेच काम कितीतरी अवघड होतं. म्हणून नावाबद्दल मूल ठाम असेल तर आठवी-नववीतच सुरुवात करा. दहावीचा बोर्डाचा अर्ज भरायच्या आत. राज्याच्या राजपत्रात नावबदल प्रसिद्ध करता येतो, अठराच्या आतल्या मुलासाठी अर्ज पालकाने करायचा असतो.

आधार सगळ्यात शेवटी. आधारमध्ये नाव आयुष्यात दोनदाच बदलता येतं आणि लिंगाचा रकाना एकदाच. घाईने तेराव्या वर्षी ‘तृतीयपंथी’ नोंदवलं आणि पुढे त्याला ‘पुरुष’ हवं असेल तर तो एक बदल खर्ची पडलेला असतो. स्पेलिंगही एकदाच नीट ठरवा. राजपत्रात एक, शाळेत दुसरं आणि आधारवर तिसरं झालं की शिष्यवृत्तीपासून पारपत्रापर्यंत सगळीकडे अडतं.

ओळख-प्रमाणपत्र जिल्हाधिकाऱ्यांकडून मिळतं, अर्ज केंद्र सरकारच्या ट्रान्सजेंडर पोर्टलवर होतो, आणि अल्पवयीन मुलासाठी तो पालकांनीच करायची तरतूद २०१९ च्या कायद्यात आहे. सर्वोच्च न्यायालयाने १५ एप्रिल २०१४ च्या नाल्सा (राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरण) खटल्याच्या निकालात आपली लिंगओळख आपण ठरवण्याचा हक्क मान्य केला. तरी ओळख कुणी आणि कशावरून प्रमाणित करायची हा या कायद्यातला सगळ्यात वादाचा भाग आहे आणि तिथले नियम बदलतात. जुना व्हिडिओ बघून कागद गोळा करू नका. अर्ज करायच्या आठवड्यात पोर्टलवरचा चालू नियम वाचा किंवा जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात विचारा. मुलांसाठी तिथली मदत उत्पन्न न बघता मोफत असते. आमचं मत असं की दहा-बारा वर्षांच्या मुलाला या प्रमाणपत्राची घाई नसते. हजेरीतलं नाव आधी, प्रमाणपत्र मागाहून.

डॉक्टर, आणि जिथे अजिबात जायचं नाही त्या जागा

वयात येण्याआधी कुठलंही औषध, इंजेक्शन, ऑपरेशन नसतं. हे वाक्य पुन्हा वाचा, कारण निम्मी भीती इथेच उतरते. लहान मुलासाठी मदत म्हणजे समुपदेशन, आणि तेही आधी आई-बाबांचं. मानसशास्त्रज्ञ निवडताना पहिल्याच भेटीत विचारा: ‘तुमच्या उपचाराचं उद्दिष्ट काय?’ ‘मूल नॉर्मल करून देतो’, ‘दहा सिटिंगमध्ये फरक पडेल’ असं उत्तर आलं तर उठा. लिंगओळख बदलवण्याच्या अशा तथाकथित उपचारांवर मद्रास उच्च न्यायालयाने ७ जून २०२१ च्या आदेशात मनाई केली, आणि २०२२ मध्ये राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने हा प्रकार डॉक्टरांचं व्यावसायिक गैरवर्तन ठरवला. तो आदेश देणारे न्यायमूर्ती आनंद व्यंकटेश यांनी आधी स्वतः मानसशास्त्रज्ञाकडे बसून हा विषय शिकून घेतला होता. शिकण्यात आई-बाबांनाही कमीपणा नाही.

‘मर्दानी होईल’ म्हणून मुलाला पुरुषी संप्रेरकाचं, म्हणजे हार्मोनचं, इंजेक्शन देणारे डॉक्टर भेटतात. संप्रेरकाने आवाज बदलतो, दाढी येते. ‘मी मुलगी आहे’ ही जाणीव बदलत नाही. म्हणजे त्या मुलीला नको असलेलं सगळं शरीर तुम्ही लवकर आणून देता.

अंगारा, उतारा, भगत यांच्या वाटेला जाऊ नका. भूत उतरवायच्या नावाखाली साखळीने बांधणं, मारहाण, मिरचीची धुरी देणं हा महाराष्ट्राच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याखाली गुन्हा आहे, शिक्षा सहा महिने ते सात वर्षं. दक्षिण महाराष्ट्रात ‘देवीचं झालंय’ म्हणून पोराला जोगता करून सोडायची चाल आहे. ज्यांची श्रद्धा आहे त्यांनी देवीला जरूर जावं, पण मुलाची शाळा सोडवून नाही.

वयात येताना शरीराचे बदल सुरू झाले आणि मुलाचा त्रास वाढला तर संप्रेरकांच्या डॉक्टरांचा, म्हणजे एंडोक्रायनॉलॉजिस्टचा सल्ला घ्यावा. हे बदल तात्पुरते थांबवणारी इंजेक्शनं आहेत, महिन्याला किंवा तीन महिन्यांनी घ्यायची. ती बंद केली की वाढ पुन्हा सुरू होते. त्या काळात हाडांची घनता हवी तशी वाढत नाही, म्हणून डेक्सा तपासणी, कॅल्शियम, ड जीवनसत्त्व यांवर लक्ष ठेवावं लागतं. या औषधांवर जगात मतभेद आहेत. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने त्यांना पाठिंबा दिला. इंग्लंडमध्ये मार्च २०२४ मध्ये सरकारी आरोग्यसेवेने त्यांचा नेहमीचा वापर थांबवला, कारण पुरावा कमकुवत वाटला. स्वीडन, फिनलंडही सावध आहेत. म्हणून ‘कुणी तरी घेतलं’ यावर ठरवू नका. मानसतज्ज्ञ आणि एंडोक्रायनॉलॉजिस्ट दोघांनी मुलाला पाहून, तुमच्यासोबत बसून ठरवायची ही गोष्ट आहे. संप्रेरकांनी होणारे काही बदल कायमचे असतात: टेस्टोस्टेरॉनने फुटलेला आवाज परत बारीक होत नाही, इस्ट्रोजेनने वाढलेले स्तन आपोआप जात नाहीत. पुढे स्वतःचं मूल हवं असेल तर बीज (शुक्राणू किंवा स्त्रीबीज) जतन करण्याची चर्चा संप्रेरकं सुरू करण्याआधी करावी लागते. आणि ऑपरेशनचा विचार अठरानंतर.

घरात दार बंद असेल तर मुलं स्वतःच औषधं शोधतात. मुलगी म्हणून जगू पाहणारी मुलं मेडिकलमधून गर्भनिरोधक गोळ्या आणून दिवसाला चार-चार खातात. त्यातल्या इस्ट्रोजेनच्या प्रकाराने रक्तात गुठळी होऊ शकते. एकाच पायाची पोटरी सुजणं आणि दुखणं, अचानक धाप लागणं, छातीत कळ ही तातडीने रुग्णालयात न्यायची लक्षणं आहेत. रुग्णालयात गोळ्यांची गोष्ट लपवू नका. मुलगा म्हणून जगू पाहणारी मुलं जिममधून टेस्टोस्टेरॉनचं इंजेक्शन मिळवतात. त्याने रक्त घट्ट होतं आणि तपासणी कुणीच करत नसतं. दप्तरात अशी पाकिटं सापडली तर ओरडण्याआधी तारीख आणि डोस विचारा, मग डॉक्टरकडे न्या.

जिवाचा धोका

मूल खोलीतून बाहेर येत नाही, आवडती वस्तू वाटून टाकतं, ‘मी नसते तर बरं झालं असतं’ म्हणतं, हातावर कापल्याच्या खुणा आहेत, तर सरळ विचारा: ‘जीव द्यायचा विचार मनात येतो का?’ विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही. विचारल्याने मुलाला हलकं वाटतं. उत्तर हो आलं तर त्या दिवशी एकटं सोडू नका. शेतकरी घरात फवारणीचं औषध पडवीत किंवा पलंगाखाली असतं. ते आजच कुलपात घाला किंवा दुसऱ्याच्या गोठ्यात हलवा. आजोबांच्या बीपी-शुगरच्या गोळ्याही कुलपात. तो टोकाचा क्षण बहुधा थोडाच वेळ टिकतो, आणि त्या वेळात हाताशी काय आहे यावर बरंच ठरतं. टेलीमानस १४४१६ हा मानसिक मदतीचा सरकारी क्रमांक चोवीस तास चालतो, मराठीतही बोलतात. मूल घरातून निघून गेलं किंवा कुणी मारहाण करत असेल तर चाइल्डलाइन १०९८.

नातेवाइकांकडून ‘याला हाकलून द्या’ असा दबाव आला तर सांगा की ट्रान्स असल्याच्या कारणावरून मुलाला आई-वडिलांपासून वेगळं करता येत नाही, ते २०१९ च्या कायद्यात लिहिलेलं आहे. न्यायालयाने मुलाच्या हितासाठी आदेश दिला तरच. घरातून किंवा गावातून बाहेर काढणाऱ्याला सहा महिने ते दोन वर्षं शिक्षा आहे. ‘पुढे नोकरी कोण देणार?’ असं विचारलं तर सांगायला उदाहरण आहे: डिसेंबर २०२२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने बजावल्यावर महाराष्ट्राला पोलीस भरतीत ट्रान्स उमेदवारांसाठी सोय करावी लागली. त्या आधी, जानेवारी २०२१ मध्ये, जळगाव जिल्ह्यातल्या भादली बुद्रुक ग्रामपंचायतीच्या निवडणुकीत स्त्री-राखीव जागेवर लढायची परवानगी औरंगाबाद खंडपीठाने एका ट्रान्स स्त्रीला दिली होती.

आणि हे वाचेपर्यंत तुमच्या हातून मारणं, केस जबरदस्तीने कापणं, देवऋषाकडे नेणं झालेलं असेल तर? माफी मागा. ‘मला कुणी सांगितलं म्हणून’, ‘तुझ्या काळजीपोटी’ ही कारणं जोडू नका. काय केलं त्याचं नाव घ्या: ‘मी तुझे केस कापले. ते चुकलं. पुन्हा करणार नाही.’ मूल लगेच विरघळेल अशी अपेक्षा ठेवू नका. बरेच दिवस ते तुमची परीक्षा घेईल. मग एखाद्या संध्याकाळी दप्तर टाकून मुद्दाम म्हणेल, ‘आई, मी आले,’ आणि तुमच्या चेहऱ्याकडे बघत उभं राहील. तेव्हा ‘आलीस? हात-पाय धू, पोहे केलेत’ एवढं पुरे.